नागपुरात घरामागे टर्फ कोर्ट बसवायचं तर

नागपुरात टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) म्हटलं की रिंग रोडच्या आसपास रात्री दिवे लावून चालणारं बॉक्स क्रिकेट डोळ्यासमोर येतं. तासाचे पैसे भरा, खेळा, निघा. पण बेसा, मनीषनगर, हिंगणा रोडकडे घर बांधलेल्या आणि मागे थोडी जागा उरलेल्या मंडळींना आता वाटू लागलंय की हे आपल्याच आंगणात का नको? असू द्या की. फक्त दुकानदार टेबलावर हिरव्या गालिच्याचे नमुने पसरतो तेव्हा एक गोष्ट सांगत नाही. गवत अंथरणं दोन दिवसांचं काम आहे, खरं काम त्याच्या खालच्या फूटभरात आहे. आपल्या काळ्या मातीत ते फूटभर नीट झालं नाही तर कितीही भारी टर्फ घ्या, एकदोन पावसाळ्यांत कुठे फुगवटा येतो, कुठे खड्डा पडतो.

आधी खेळ, मग माप

"सगळंच खेळू" म्हणून सुरुवात केली की काहीच धड होत नाही. मुख्य खेळ एक ठरवा.

क्रिकेटच्या नेटसाठी ४ मीटर रुंदीची पट्टी पुरते. टर्फचे रोल साधारण २ किंवा ४ मीटर रुंदीचे येतात, म्हणजे एकाच रोलात काम होतं आणि सांधा येतच नाही. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने शक्यतो हेच करावं असं माझं मत आहे. पूर्ण खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर; तेवढी लांबी नसेल तर पोट्ट्यांना थ्रो-डाऊनसाठी पन्नास फूटही चालतात.

बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि दुहेरीसाठी ६.१ मीटर रुंद असतं, एकेरीसाठी ५.१८ मीटर. शटल जमिनीवर उसळवायचंच नसतं, त्यामुळे टर्फवर बॅडमिंटन चांगलं जमतं. अडचण येते ती वाऱ्याची. पिकलबॉलचं कोर्टही जवळजवळ बॅडमिंटनएवढंच, म्हणून लोक विचारतात. त्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. तो पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू गवतावर मेल्यासारखा पडतो. पिकलबॉल खेळायचं असेल तर काँक्रीटवर ॲक्रिलिकचा थर द्या, टर्फचा नाद सोडा. लहान मुलांचा फुटबॉल मात्र कुठल्याही मापात होतो.

पुढचा सगळा हिशेब मी १४ × ६ मीटरच्या कोर्टावर करतो, म्हणजे ढोबळ ४६ × २० फूट, ८४ चौरस मीटर. यात एकेरी बॅडमिंटन बसतं, फुटबॉल होतो, आणि रुंदी ६ मीटर ठेवल्याने एक ४ मीटरचा व एक २ मीटरचा रोल लावला की तुकडा वाया जात नाही. ३० × ५० फुटांच्या प्लॉटवर हे माप निघणार नाही हे उघड आहे. तिथे नेटची पट्टीच पाहा. पट्टी करायची तर आतले थर तेच, लांबी-रुंदीच बदलेल.

तुमची माती ओळखा

नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट आहे आणि त्यावर बऱ्याच ठिकाणी काळी माती. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तुमच्याकडे कशी आहे ते घरीच कळतं. फूटभर खोलीची माती काढून वाळवा, कुटा, जुन्या चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. दोन सारख्या, सरळ भिंतीच्या काचेच्या बाटल्यांत ती सारखी भरा. एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल (चुलीपासून लांब, मुलांच्या हाताबाहेर). ढवळून एक दिवस हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलातल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून जास्त उंच दिसला तर माती चांगलीच फुगणारी आहे. प्रयोगशाळेत हीच 'फ्री स्वेल' चाचणी १० घनसेंटिमीटर मातीवर मोजनळीत करतात. गाळणी नि बाटलीचा अंदाज ढोबळ असतो, पण फूटभर खोदायचं की दीड फूट, हे ठरवायला पुरतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. फूटभर खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा आणि पातळी किती वेळात उतरते ते बघा. मुरमाच्या जमिनीत ते डोळ्यांदेखत खाली जाईल. काळ्या मातीत दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल. तसं असेल तर पावसाचं पाणी खाली जिरवण्याचा विचार सोडून ते बाजूला काढण्याची तयारी ठेवा.

कधी सुरू करायचं

दिवाळीनंतर. पावसाळ्यात चिखल असतो हे सगळ्यांना कळतं, पण मे महिनासुद्धा वाईटच. तेव्हा जमीन भेगाळलेली, आक्रसलेली असते. त्यावर भराव टाकून रोलर फिरवला की दिसायला सगळं घट्ट दिसतं, मग जूनमध्ये खालची माती फुगते आणि वरचं सगळं उचलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मातीत ओल बऱ्यापैकी सारखी असते, मजुरांना ऊन मारत नाही, आणि होळीपर्यंत काम हातावेगळं होतं.

खोदाई आणि भराव

इथे ठेकेदाराशी वाद होणार हे धरून चाला. "भाऊ, चार इंच मुरूम टाकू न् रोलर मारू, हलत नाही बघा," असं ऐकू येईल. ऐकून घ्या, आणि साधारण १२ इंच खोदून घ्या. बाटलीतली माती फार फुगली असेल तर १८.

आपल्या मापाला कडेच्या कर्बसकट (कडेचा बांध) साडेनऊशे चौरस फूट धरा. १२ इंचांच्या खोदाईत साडेनऊ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते आणि बाहेर काढल्यावर फुगून ती बारा ब्रासच्या आसपास भरते. एवढी माती ठेवणार कुठे, हे आधी ठरवा. काळी माती कुंड्यांना, परसबागेला उत्तम. ओळखीच्या नर्सरीवाल्याला विचारा. नाल्यात मात्र टाकू देऊ नका. टिप्परवाले सोयीचं बघतात.

खोदलेल्या तळावर आधी रोलर, मग जिओटेक्स्टाइल कापड. हे कापड नसेल तर काही वर्षांत मुरूम चिखलात बुडतो आणि चिखल वर येतो. त्यावर ६ इंच मुरूम, एकदम नाही, तीन-तीन इंचांच्या दोन थरांत. दाबून ६ इंच हवा तर सैल मुरूम ६ ब्रास मागवा. ओल किती हवी? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि गोळ्याला बोटाने टिचकी मारली की दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चिकटून राहिला तर जास्त. दाबायला प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. कोपरे हाताच्या धुमसाने.

मुरूमच का, याला कारण आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी एक युक्ती मांडली होती: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा दाबलेला थर द्यायचा. चांगला मुरूम त्या वर्णनात बसतो. कालव्यात हा थर बराच जाड असतो, आंगणात आपण त्याची छोटी आवृत्ती करतो. नुसती रेती भरली तर ती पाणी थेट काळ्या मातीपर्यंत पोचवते, म्हणजे नेमकं उलटं काम.

उतार इथेच द्यायचा, मुरमाच्या पृष्ठभागाला. नवखी माणसं आणि बरेच मिस्त्रीही वरच्या चुरीत (दगडाच्या बारीक भुकटीत) उतार काढतात आणि मुरूम सपाट ठेवतात. मग गिट्टीतून खाली आलेलं पाणी मुरमावर डबकं करून बसतं आणि हळूहळू खाली मुरतं. १ टक्का उतार पुरे आणि तो आखूड बाजूने द्या: २० फुटांत अडीच इंचांपेक्षा थोडा कमी. लांबीने दिलात तर एका टोकाला साडेपाच इंचांचा फरक पडेल आणि तो खेळताना जाणवेल.

हा फरक डोळ्याने दिसत नाही. पाण्याची लेव्हल नळी घ्या, पंचवीस-तीस फूट, पारदर्शक. भरताना आत बुडबुडा राहिला की माप खोटं येतं, म्हणून एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्याने पाणी ओढून घ्या आणि पूर्ण नळी उन्हाकडे धरून एकदा नजरेखालून घाला. दोन्ही टोकं शेजारी धरली की पाणी एका रेषेत यायला हवं. मग एक माणूस घराकडच्या खुंटीपाशी, एक कुंपणाकडच्या खुंटीपाशी. पाणी हलायचं थांबेपर्यंत दोघांनी गप्प उभं राहायचं, आणि घाई करणाऱ्याला हे फार जड जातं. दोन्ही खुंट्यांवर पेन्सिलीची खूण करा, कुंपणाकडच्या खुणेपासून अडीच इंच खाली दुसरी खूण, आणि तिथून सुतळी ताणा. दर सहा-सात फुटांवर अशी एक जोडी. यात अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

मुरमावर ४ इंच २० मिमी गिट्टी, तिच्या फटी भरायला १० मिमीची बारीक गिट्टी; दोन्ही मिळून ४ ब्रास. वर दीड इंच क्रशरची चुरी, दीड ब्रास. चुरी ओली करून दाबा. मग १० फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे आडवी-उभी फिरवा. पट्टीखाली कुठेही पेन्सिल सरकली तर तो भाग उकरून पुन्हा करायचा. टर्फ खालचा खड्डा झाकत नाही, दाखवतो.

पाणी जाणार कुठे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरलं. तसा १०० मिमी पाऊस आपल्या ८४ चौरस मीटरवर पडला तर ८,४०० लिटर पाणी होतं, पाच हजारी टँकरचे पावणेदोन टँकर. ते उताराच्या बाजूने निघायला हवं आणि घराच्या पायाकडे तर मुळीच जायला नको.

खालच्या कडेला फूटभर रुंद चर घ्या. त्यात भोकं असलेला ४ इंची पीव्हीसी पाइप, भोवती गिट्टी, सगळ्याला जिओटेक्स्टाइलचा गुंडाळा. पाइपाला शोषखड्ड्याकडे उतार. काळ्या मातीत शोषखड्डा खाली मुरूम किंवा कातळाच्या भेगा लागेपर्यंत खोल न्यावा लागतो, नाहीतर पहिल्या झडीत तो भरून बसतो. जमत नसेल तर पावसाच्या नालीत सोडा. सांडपाण्याच्या गटाराला जोडू नका, जोरात पाऊस आला की ते पाणी उलटं तुमच्याकडे येतं.

कोर्टाला लागून फुलझाडांचा वाफा असेल तर तो चार-पाच फूट लांब हलवा. रोज पाणी घातल्याने फक्त तीच कड फुगते. मोठा कडुनिंब अगदी जवळ असेल तर तो उलट मातीतली ओल ओढून ती कड खचवतो. झाड तोडू नका, कोर्ट सरकवा.

मागे आधीच कोबा किंवा गट्टू असतील तर बरंच काम वाचतं. कोब्यावर बादलीभर पाणी ओता, तासाभराने जिथे डबकं उरेल तिथे खडूने गोल करा आणि तेवढाच भाग भरून घ्या. वर १० मिमीचा शॉकपॅड (धक्का शोषणारा मऊ थर) टाका. पोरं गुडघ्यावर पडतात आणि खाली सिमेंट आहे. गट्टू हलत असतील तर काढून टाकलेले बरे.

खांब आणि नेट

खांबांचे खड्डे भरावाच्या आधी. टर्फ झाल्यावर आठवण येणारे पुष्कळ असतात. खड्डा काळ्या मातीतून खाली मुरमात शिरला पाहिजे, तीन फूट तरी. काँक्रीटमध्ये जाड पाइपाची बाही बसवून त्यात खांब उभा केला तर पुढे काढता येतो. वर महावितरणची तार जात असेल त्या बाजूला लोखंडी खांब उभा करूच नका.

नुसती जाळी बांधणं वेगळं आणि पक्कं छत टाकणं वेगळं. घराभोवती सोडलेलं मार्जिन राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोकळं ठेवायचं असतं, म्हणून शेडचा बेत असेल तर नकाशा जिथे मंजूर झाला तिथे आधी विचारा. दिव्यांची तोंडं खाली, शेजाऱ्याच्या बेडरूमकडे नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज शांत गल्लीत किती लांब जातो ते शेजारचे आजोबा तुम्हाला सांगतीलच.

टर्फ निवडताना

बागेचं गवत आणि खेळाचं टर्फ एकच असल्यासारखं विकतात. बागेच्या गवतात खाली तपकिरी कुरळे धागे असतात, हाताला मऊ लागतं, आणि पळापळीने ते महिन्यांत आडवं होतं. आपल्याला पॉलिइथिलीनचा सरळ धागा हवा. मिश्र खेळांसाठी १५ ते २० मिमी उंची योग्य. फुटबॉल आणि बॉक्स क्रिकेटच्या व्यावसायिक टर्फला ४०-५० मिमी लागते, पण त्यात रबराचे काळे दाणे भरावे लागतात. घरी मी ते टाळायला सांगेन. दाणे उन्हात तापतात, मोज्यांतून घरभर पसरतात, पावसात वाहून जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली आणि मैदानांना आठ वर्षांची मुदत दिली. कारण हेच, प्लॅस्टिकचे बारीक कण माती-पाण्यात जातात. इथे ते नाग नदीत जातील.

नमुना उलटा करून बघा. मागे पाणी जायला भोकं हवीत. एक झुबका चिमटीत धरून जोरात ओढा; सहज निघाला तर दुसरा नमुना मागा. उन्हात टर्फ खराब होणार नाही याची हमी लेखी घ्या. दरपत्रकात खोदाई, भराव, टर्फ, रेती, नेट असे पाच आकडे वेगळे मागा. एकच आकडा देणारा कुठे काटकसर करणार ते तुम्हाला कळणार नाही. आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचं आधीच ठरवा.

अंथरणं आणि सांधा

रोल उलगडून रात्रभर मोकळे पडू द्या. थंडीत सकाळी टर्फ कडक आणि दवाने ओलं असतं, म्हणून कापाकापी दहानंतर. तळवा फिरवून बघा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने खरखरीत लागेल. दोन्ही रोलांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर एक हिरवा आणि एक काळपट दिसतो आणि तो दोष नंतर जात नाही.

सांध्यासाठी दोन्ही कडांचे शेवटचे दोन-तीन टाके पाठीमागून ब्लेडने कापून टाका. समोरून कापलं की पाती तुटतात. कडा जुळवताना मधली फट टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढीच ठेवा: कमी झाली तर उंचवटा, जास्त झाली तर पांढरी रेघ. कडा मागे दुमडा, खाली फूटभर रुंदीची सांधापट्टी, तिच्यावर दोन भाग कालवून करायचं पॉलियुरेथेन (गोंद) दातेरी थापीने पसरवा. हे एकदम फार कालवू नका. ते बोटाला चिकट लागू लागलं की एका टोकापासून कडा खाली सोडत जा, दुसऱ्या माणसाने पाती बाजूला सारत राहायचं. गोंदात अडकलेलं पातं कायमचं अडकतं. वर रेतीची पोती, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही.

कडा कर्बला चिकटवल्या की रेती भरायची. २० मिमीच्या टर्फमध्ये १५ मिमी रेती धरली तर चौरस मीटरला २२-२३ किलो, एकूण १,९०० किलो, म्हणजे ५० किलोची ३८ पोती. कन्हानची रेती बांधकामाला नामी, इथे नको; तिच्यात गाळ असतो, दाणे लहानमोठे असतात, आणि पावसाने ती दगडासारखी बसते. धुतलेली, वाळवलेली, एकसारख्या गोल दाण्याची सिलिका रेती घ्या. तीन-चार फेऱ्यांत पातळ पसरा, प्रत्येक फेरीनंतर कडक नायलॉनच्या झाडूने कलाविरुद्ध झाडा. पोतं एका जागी ओतून पसरवत बसलात तर पाती खाली गाडली जातात. सुक्या रेतीची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क बांधा. पट्टे सुरुवातीला रंगानेच मारा. पांढरं टर्फ कापून बसवणं सवयीच्या हातांचं काम आहे.

मे महिना

२०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. टर्फवर दुपारी थर्मामीटर ठेवलात तर ५६ ला सेन्सरची चूक म्हणता येणार नाही. उन्हात प्लॅस्टिकचं गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, साठीच्या पुढेही जातं. पाणी शिंपडलं की उतरतं, पण थोड्याच वेळासाठी, आणि उन्हाळ्यात तेवढं पाणी कुठून आणणार? सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर खेळा, दुपारी लहान मुलांना अनवाणी सोडू नका. ५० टक्के सावली देणारी ग्रीन नेट मार्च ते मे उपयोगी पडते, मात्र दोऱ्या पटकन सुटतील अशा बांधा. अवकाळी वादळात ती शिडासारखी फुगते आणि खांबासकट ओढते.

नंतर

पंधरवड्यातून एकदा उलट्या दिशेने झाडणं, पानं रोज काढणं, एवढंच नेहमीचं. पावसाळ्यात सावलीतल्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, ते सुकल्यावर घासून काढा. खर्रा (सुपारी-तंबाखू) खाऊन आत यायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी पाहुण्यांसकट सगळ्यांना सांगा. तो डाग रेतीपर्यंत उतरतो. गाडी टर्फवर लावू देऊ नका. दिवाळीत एका ठिणगीने रुपयाएवढं भोक पडतं, म्हणून उरलेल्या टर्फचे तुकडे फेकू नका, त्यांच्या पाठीवर कलाचा बाण काढून सावलीत गुंडाळून ठेवा. भोकाभोवतीची रेती काढून चौकोन कापा, त्याच मापाचा तुकडा बाण जुळवून खाली सांधापट्टीवर चिकटवा, रेती परत भरा. नवा तुकडा काही महिने जास्त हिरवा दिसेल. ऊन त्याला बाकीच्यांत मिसळवतं.